प्रस्तावना : आधी मिस्त्री, मग इंजिन

रोज वापरायची आणि वर्षातून दोन-चार वेळा ड्रॅगच्या पट्टीवर उतरवायची अशी एक जुनी मोटारसायकल बांधायची असेल, तर तिच्यासाठी इंजिन कोणते निवडावे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. गॅरेजसमोर उभे राहून हा प्रश्न टाकला की उत्तरे तयारच असतात. कोणी आरएक्स १०० म्हणतो, कोणी आरडी ३५०, कोणी शोगनची आठवण काढतो आणि विशीतली पोरे म्हणतात, जुन्याच्या नादी कशाला लागता, सरळ केटीएम घ्या. या सगळ्या उत्तरांच्या बुडाशी अश्वशक्तीचा आकडा असतो. पुस्तकाचे म्हणणे वेगळे आहे. इंजिन निवडायचे म्हणजे आधी त्याचे सुटे भाग, ते भाग बसवणारा हात आणि ते मोजणारी साधने निवडायची. ताकदीचा प्रश्न त्यानंतर येतो. पुण्या-कोल्हापुरात हा क्रम थोडा इकडचा तिकडे झाला तरी निभावते, कारण चुकीचे इंजिन घेतले तरी ते दुरुस्त करणारा कोणीतरी सापडतो. जालन्यात, अंबडला किंवा भोकरदनला ते निभावत नाही.

आधी खेळ समजून घेऊ. ड्रॅगचा जगभर मान्य असलेला पल्ला पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा. पट्टी सरळ आणि सपाट, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचे. मराठवाड्यातल्या वाचकाला यापेक्षा जास्त समजावण्याची गरज नाही, कारण शंकरपटाची रीत हीच आहे: वळण नाही, फेऱ्या नाहीत, सरळ पल्ला आणि सेकंदाच्या अंशावर निकाल. पटाचा बैल वेगळा आणि नांगराचा वेगळा हेही त्याला ठाऊक असते. इथे मात्र दोन्ही कामे एकाच जोडीकडून हवी आहेत, आणि सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते. ड्रॅगमध्ये गाडीचा कमाल वेग फारसा कामाचा नसतो. पहिल्या १५-२० मीटरांत गाडी किती लवकर हलली यावर पुढचे बरेचसे ठरते, आणि ते क्लच, गिअरिंग, वजन व चालवणाऱ्याच्या डाव्या हातावर अवलंबून असते. साधा हिशोब पाहा. कारखान्यातून आलेली आरएक्स १०० होती १०३ किलोची आणि ११ बीएचपीची. वर ६० किलोचा माणूस बसला की भार १६३ किलो. यातून १० किलो कमी केले तर भार ६ टक्क्यांनी उतरतो. तेवढाच फायदा इंजिनातून काढायचा तर जवळपास पाऊण बीएचपी जास्त काढावी लागेल, आणि ती फुकट मिळत नाही. आकड्यांच्या बढाया मारणाऱ्यांना हा हिशोब आवडत नाही.

इंजिन त्याच्या भागांवरून निवडावे हा विचार गरिबीतून आलेला तोडगा वाटू शकतो. ड्रॅग रेसिंग जिथे जन्मले त्या अमेरिकेचा इतिहास मात्र याच विचाराच्या बाजूने साक्ष देतो. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांच्या पात्रांत जुन्या गाड्या पळवणारी पोरे सुरुवातीला फोर्डचे १९३२ साली आलेले फ्लॅटहेड व्ही-८ वापरत. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि रस्त्यावरचा हा उद्योग नियमांच्या चौकटीत आला. १९५५ मध्ये शेव्हरोलेने २६५ घनइंचांचे, म्हणजे साधारण ४.३ लिटरचे व्ही-८ बाजारात आणले. पुढे ‘स्मॉल-ब्लॉक’ म्हणून गाजलेले इंजिन ते हेच. १९६७ च्या कॅमॅरोत त्याचे ३५० घनइंची रूप आले आणि हौशी लोकांचे ते जवळजवळ ठरलेले उत्तर बनले. फोर्डकडे १९६२ पासून वाढत गेलेले स्वतःचे घराणे होते. क्रायस्लरचे ३४० तर ताकदीत कुठेच मागे नव्हते. तरीही गल्लीबोळांतल्या गॅरेजांत शेव्हरोले जिंकले, कारण कंपनीने दोन सिलिंडरांच्या मध्यांतले ४.४ इंचांचे अंतर दशकानुदशके बदलले नाही. एका वर्षीचा हेड दुसऱ्या वर्षीच्या ब्लॉकवर बसे, क्रँक इकडचा तिकडे जाई, भंगारवाल्याकडे एकाच घराण्याची इंजिने ढिगाने मिळत आणि प्रत्येक गावात ते उघडलेला माणूस असे. २०११ मध्ये जनरल मोटर्सने या घराण्यातले दहा कोटीवे इंजिन बनवले. दहा कोटींमागची ताकद अश्वशक्तीची नव्हती, अदलाबदलीची होती.

आपल्याकडे व्ही-८ आले नाही, येण्यासारखी परिस्थितीही नव्हती. चारचाकीत मारुतीच्या झेन आणि एस्टीमने काही वर्षे ती जागा भरली. त्यांचा विचार या पुस्तकात ओझरता आहे. आपला खरा स्मॉल-ब्लॉक म्हणजे लहान टू-स्ट्रोक. त्याची पहिली पिढी म्हैसूरच्या आयडियल जावाची: १९६० च्या दशकात जावा आणि पुढे येझदी. खेड्यांत तिच्या जोडीला एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ होती, जिने शर्यतीपेक्षा दुधाचे कॅन जास्त वाहिले. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५०बी वरून राजदूत ३५० आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. ‘हाय टॉर्क’ म्हणवल्या जाणाऱ्या आवृत्तीत ३०.५ बीएचपी आणि ‘लो टॉर्क’मध्ये २७. त्या वेळच्या भारतीय रस्त्यावर ही चीज अवेळी आली होती. पेट्रोल पीत असे, महाग होती, ब्रेक वेगाच्या मानाने अपुरे होते, आणि ते दशक संपता संपता ती बंद झाली. दरम्यान जपानी सहकार्याची दारे उघडली होती आणि १०० सीसीच्या गाड्यांची रांग लागली: १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आणि त्याच वर्षाच्या अखेरीस यामाहा आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००. आरएक्स १०० मार्च १९९६ मध्ये थांबली. तिच्या जागी आलेली १३२ सीसीची आरएक्स १३५ चार आणि पाच गिअरांच्या रूपांत २००५ पर्यंत चालली. टीव्हीएस-सुझुकीची १०८ सीसीची शोगन कागदावर १४ बीएचपीची, म्हणजे आरएक्स १०० ला मागे टाकणारी होती. आज मात्र तिचा सिलिंडर शोधायला निघालेल्या माणसाला कागद आणि बाजार यांतले अंतर चांगलेच कळते. तीन गाड्यांचे हे नशीब शेजारी शेजारी ठेवले की अमेरिकेचाच धडा पुन्हा दिसतो. आरडी सर्वांत ताकदवान, शोगन आकाराच्या मानाने सर्वांत तेज, आणि टिकली ती आरएक्स.

या इंजिनांचे काय करावे यावर हौशी लोकांत ढोबळमानाने चार पंथ आहेत. पहिला सांभाळणाऱ्यांचा: गाडी कारखान्यातून आली तशीच हवी, इंजिन नंबरची सुरुवात ‘१एल१’ असलीच पाहिजे, आतल्या भागावर ‘मेड इन जपान’ कोरलेले असेल तर मग विचारूच नका. या पंथामुळे गाड्या वाचल्या हे खरे, आणि त्यांचे भाव चढले ते याच पंथामुळे. दुसरा कानशीवाल्यांचा. सिलिंडरची पोर्टे घासून उंच-रुंद करायची, हेड थोडे उतरवायचे, सायलेन्सर काढून एक्स्पान्शन चेंबर लावायचा. यांच्यात अस्सल कलावंत आहेत आणि कानशीने एका दुपारी सिलिंडर वाया घालवणारेही आहेत, कारण घासलेले लोखंड परत येत नाही. तिसरा पंथ कलम करणाऱ्यांचा: आरएक्स १०० च्या क्रँककेसचे तोंड मोठे करून त्यावर १३५ चा सिलिंडर चढवायचा. दोन्हींचा स्ट्रोक ५० मिलिमीटरच आहे, बोअर ५० वरून ५८ वर जातो, म्हणून हे कलम जमते. अदलाबदलीची ती अमेरिकन सोय इथे लहान रूपात भेटते. चौथा पंथ फोर-स्ट्रोकवाल्यांचा. २००१ च्या पल्सरपासून तो वाढला आणि आज चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या संगणकात नवा नकाशा भरण्यापर्यंत पोचला आहे. चौथ्याशी पुस्तकाचे भांडण नाही, पहिल्याबद्दल आदर आहे. ते उभे आहे दुसऱ्या आणि तिसऱ्या पंथाच्या सीमेवर.

कारागिराला आधी जागा का, हे क्रँकवरून सर्वांत स्पष्ट दिसते. या टू-स्ट्रोकचा क्रँक एकसंध नसतो. दोन जाड चकत्या, त्यांना जोडणारी क्रँकपिन आणि तिच्यावर फिरणारा कनेक्टिंग रॉड, असे सगळे दाबून बसवलेले असते. बिगएंड बेअरिंग गेले की तो प्रेसवर उघडायचा, नवा रॉडकिट घालायचा, परत दाबायचा आणि मग दोन टोकांवर धरून डायल गेज लावून फिरवायचा. काट्याचे हलणे मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांत आणेपर्यंत तांब्याच्या हातोडीने ठोकून सरळ करणे हे काम पाहायला सोपे आणि करायला अवघड आहे. काटा जास्त हलत असेल तर इंजिन चालू होते, आवाजही छान येतो, आणि वरच्या आरपीएमवर बेअरिंगे खाऊ लागते. मूळची आरएक्स १०० आपली ताकद ७,५०० आरपीएमला देते. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२.५ मीटर असतो. पोर्टिंग करून हेच इंजिन ११,००० पर्यंत नेले की तो १८ मीटरच्या वर जातो. ज्या गावात क्रँक नीट दाबला जात नाही, तिथे ११,००० आरपीएमच्या गोष्टी करू नयेत. जालना हे सळईचे गाव; रोलिंग मिलचे रोल लेथवर कातणारे कसबी हात तिथे आहेत आणि ट्रॅक्टर व पंपांच्या इंजिनांना बोअरिंग करणारेही आहेत. पण रोलला किंवा पंपाच्या सिलिंडरला चालणारा फरक ५० मिलिमीटरच्या पिस्टनला चालत नाही. तिथे सिलिंडर आणि पिस्टन यांतली फट शतांशांतच ठेवावी लागते. ती कमी पडली तर मेच्या दुपारी पिस्टन फुगून इंजिन जाम होते, जास्त झाली तर पिस्टन खडखडतो. म्हणून लेथवाल्याला गाडीचे नाव सांगण्यापेक्षा त्याच्याकडे बोअर गेज आहे का, हे आधी विचारावे. वाळूजच्या कारखान्यांनी आणि त्यांच्या पुरवठादारांनी मोजमापाची सवय असलेले टर्नर-फिटर या पट्ट्यात घडवले, हे मराठवाड्याचे भांडवल आहे. ते गॅरेजपर्यंत फारसे आलेले नाही.

दुसरी गोष्ट हवेची. जालना समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचावर आहे. तेवढ्याने हवा जवळपास पाच टक्के विरळ होते. त्यात डिसेंबरची १२ अंशांची पहाट आणि मेची ४२ अंशांची दुपार यांत हवेच्या घनतेचा आणखी नऊ-दहा टक्क्यांचा फरक पडतो. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. जेटमधून येणारे पेट्रोल थोड्याफार फरकाने तेवढेच राहते, हवा मात्र बदलते. मेमध्ये नेमका बसवलेला मेन जेट डिसेंबरात अपुरा पडतो, मिश्रण पातळ होते, पातळ मिश्रण जास्त तापते आणि तापाने पिस्टनच्या डोक्याला भोक पडते. ‘पिस्टन डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानदाराशी होणाऱ्या कित्येक भांडणांच्या मुळाशी न बदललेला जेट असतो. इथली गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली तरी तेच. समुद्राकाठची जड हवा मोठा जेट मागते. इंटरनेटवर मिळणारे तयार जेट-नंबर म्हणून फार कामाचे नसतात. ते दुसऱ्या गावाच्या हवेचे असतात.

रस्ता आणि पट्टी यांचे वैर टू-स्ट्रोकमध्ये तीव्र असते. एक्झॉस्ट पोर्ट जितके उंच, तितकी ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते आणि खालची ओढ जाते. पट्टीवर हे चालते, कारण तिथे इंजिन वरच असते. जाफराबादच्या बाजारात दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना तीच गाडी गुदमरते, प्लग काळा करते आणि मालकाला शिव्या खायला लावते. यावर पुस्तकाची भूमिका अशी की इंजिन रस्त्याच्या बाजूने बांधावे आणि पट्टीची गरज सहज बदलता येणाऱ्या गोष्टींतून भागवावी: मागचे स्प्रॉकेट, जेट, टायरची हवा, क्लचच्या स्प्रिंगा. स्प्रॉकेट बदलायला अर्धा तास लागतो आणि सकाळी परत जुने लावता येते. घासलेल्या पोर्टाचे तसे नाही. पाच-दहा टक्के वेळ पट्टीवर हरवेल, हे मान्य आहे. उरलेले वर्षभर गाडी चालेल.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. नवी केटीएम ३९० कोणत्याही घासलेल्या आरएक्सला पट्टीवर झोपवते, मग हा खटाटोप का? आक्षेप खरा आहे आणि त्याला फाटे फोडण्यात अर्थ नाही. सर्वांत कमी वेळ एवढेच हवे असेल तर नवी गाडी घ्यावी आणि हे पुस्तक दुसऱ्याला द्यावे. पण ड्रॅग हा वर्गवारीचा खेळ आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या राष्ट्रीय स्पर्धेत टू-स्ट्रोकचे वर्ग वेगळे असतात, आणि आपल्या वर्गात सेकंदाचा दहावा हिस्सा कमी करण्याची किंमत जुन्या इंजिनात कमी पडते. शिवाय केटीएमच्या इंजिनात हात घालायला साधने आणि संगणक लागतो. आरएक्सचा सिलिंडर चार नटांवर आहे. इंजिन म्हणजे काय हे ज्याला शिकायचे आहे त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

दुसरा आक्षेप धुराचा, आणि तो जास्त गंभीर आहे. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्याचा मोठा वाटा न जळताच निघून जातो. वर ऑइल जळते ते वेगळे. १९९६ आणि २००० च्या उत्सर्जन मर्यादांनी या इंजिनांना बाजूला सारले ते उगाच नाही. ‘थोड्याच तर गाड्या आहेत’ हा बचाव पुरेसा नाही, कारण प्रत्येक जण आपली एकच असल्याचे सांगतो. पुस्तक एवढेच म्हणते की नीट जुळवलेला ऑइल पंप, बरोबर जेट आणि घट्ट रिंगा असलेले इंजिन कमी धूर करते, आणि धूर म्हणजे ताकदच बाहेर जाते आहे. ज्याला धुराचा लोट आणि सायलेन्सर काढून केलेली ‘फायरिंग’ हीच मर्दुमकी वाटते, त्याच्यासाठी इथे काही नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा: असे पुस्तक पोरांना बायपासवर शर्यती लावायला शिकवणार नाही का? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदलही चालत नाही. कागदपत्रांवरचा इंजिन नंबर आणि क्रँककेसवरचा नंबर जुळला नाही तर चोरीचा संशय आधी येतो. म्हणून या पुस्तकात ‘रस्ता’ म्हणजे कामावर जाण्याचा रस्ता आणि ‘शर्यत’ म्हणजे आयोजकांची, रुग्णवाहिका उभी असलेली पट्टी. जालन्यात अशी पट्टी नाही. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅगची स्पर्धा भरते. जालन्याहून तिथे जायचे म्हणजे गाडी टेम्पोत घालून एका दिवसाचा प्रवास. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून सरळसोट गेला असला तरी त्यावर दुचाकीला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. शंकरपटाला नियम, परवानगी आणि पंच मिळाले तसे या खेळालाही जिल्ह्यात मिळावेत ही अपेक्षा रास्त आहे. मात्र तोवर बायपास हा पर्याय ठरत नाही.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण भंगारात आहे. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळई करतात, आणि बेवारस क्रँककेसलाही शेवटी भंगाराचाच भाव येतो. २०२० च्या बीएस-६ नंतर नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळपास गेला, त्यामुळे आज गॅरेजात शिकणाऱ्या मुलाला जेट हातात धरण्याचे कारणच उरलेले नाही. डायल गेजच्या काट्यावर डोळा ठेवून क्रँक सरळ करणारी पिढी साठीला आली. दुसरीकडे, चांगल्या स्थितीतल्या आरएक्स १०० चा भाव लाखाच्या वर जातो आणि त्या भावाला भुलून बनावट नंबर, बनावट पिस्टन, बनावट सगळे बाजारात येते. २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत ५० वर्षांची अट आहे. १९८५ च्या आरएक्सला त्यासाठी २०३५ उजाडेल. तोपर्यंत १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर आणि पीयूसी यांतून तिला रोजच्या गाडीसारखेच जावे लागणार.

पुस्तकात ताकदीची तुलनात्मक कोष्टके नाहीत. प्रत्येक इंजिनाकडे ते एकाच क्रमाने पाहते: भाग कुठे मिळतात, मोजायचे कसे, बिघडते कुठे, आणि मगच वाढवायचे किती. आरडी ३५० वर त्यात आदराने लिहिले आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याने ती पहिली गाडी म्हणून घेऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर आणि दुर्मीळ भाग हे सगळे एकदम शिकण्याची ती जागा नाही. येझदीवर प्रकरण लहान आहे, कारण तिचा स्वभाव पट्टीचा नाही. आणि आरएक्स १०० च्या भक्तांना न रुचणारी गोष्ट ही की पुस्तकाची पहिली शिफारस ती नाही, चार गिअरांची आरएक्स १३५ आहे. नावाची किंमत तिच्या वाट्याला कमी आली, खालची ओढ जास्त आहे, पिस्टन आणि रिंगा अजून मिळतात, आणि तिचा सिलिंडर न घासताही केवळ स्प्रॉकेट व जेट बदलून ती पट्टीवर नेता येते. ज्याच्याकडे आधीच वडिलांची किंवा काकांची आरएक्स १०० उभी आहे त्याने मात्र ती विकून १३५ घेऊ नये. त्याच्यासाठी क्रँक आणि बोअरिंगची प्रकरणे पुरेशी आहेत, ०.२५ मिलिमीटरच्या पहिल्या ओव्हरसाइजपासून सुरुवात करावी.